जॅमर काढायला भरलेले पैसे परत मागता येतात का?

प्रश्न: आईला दवाखान्यात दाखवायला नेलं होतं. त्याच व्यापारी संकुलाच्या आवारात गाडी लावली. पाऊण तासाने आलो तर पुढच्या चाकाला जॅमर! रखवालदाराने दीड हजार मागितले, पावती नाही म्हणाला. आईला उभं राहवत नव्हतं, म्हणून यूपीआयने भरले. 'वाहने लावू नयेत' हा फलक झाडाआड होता, तो निघताना दिसला. हे पैसे परत मिळतील का?

उत्तर: मागता येतील, आणि जरूर मागा. आजारी माणूस ताटकळत उभं असताना असे पैसे उकळले जातात, याची मला मनापासून चीड आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १२७नुसार जॅमर लावण्याची परवानगी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो, तीही सार्वजनिक जागेवर सोडून दिलेल्या किंवा कायद्याने मनाई असलेल्या जागी लावलेल्या गाडीबाबत. खाजगी रखवालदाराला हा अधिकार या कलमाने मिळत नाही. जागामालक गाडी काढायला सांगू शकतो, खरंच नुकसान झालं असेल तर भरपाईचा दावा लावू शकतो. पण गाडी अडकवून जागेवर दंड वसूल करणं वेगळं.

तुमच्या कामाचं कलम आहे भारतीय करार कायदा, १८७२चं ७२वं. जबरदस्तीने घेतलेले पैसे परत करावेच लागतात, असं ते सांगतं. त्यातलं उदाहरणच पाहा: रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल सोडत नाही, माल हवा म्हणून माणूस तो भरतो, जास्तीची रक्कम त्याला परत मिळते. मालाच्या जागी तुमची गाडी ठेवा.

समोरचे म्हणतील, 'फलक होता, म्हणजे अट मान्य केली.' फलक ठळक असता आणि त्यावर रक्कम लिहिलेली असती, तर या म्हणण्यात थोडा जोर आला असता. तरीही कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, मनाला येईल तो आकडा नाही.

आता संकुलाच्या व्यवस्थापनाला स्पीड पोस्टने पत्र धाडा. तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पावती नाकारल्याचा उल्लेख, १५ दिवसांत रक्कम परत करण्याची मागणी, एवढं पुरे. उत्तर आलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा लावण्याआधीचा, अर्ज करा, लोक अदालतीत असे वाद मिटतात. दीड हजारासाठी थेट दावा लावायचा सल्ला मी देणार नाही. त्याला मुदत मात्र पैसे भरल्यापासून ३ वर्षांची आहे.

पुन्हा अशी वेळ आली तर जॅमर तोडू नका, उलट तुमच्यावरच नुकसानीची तक्रार होईल. ११२ला फोन लावा. भरावेच लागले तर 'हरकत नोंदवून भरत आहे' असा संदेश तिथल्या तिथे पाठवा.

आणि उद्याच जाऊन, गाडी उभी होती त्या जागेवरून फलकाचा फोटो काढा. त्यांनी फांद्या छाटल्या की तो पुरावा गेला.