उंदराचं मूत्रपिंड आणि तुमचा रिपोर्ट

प्रश्न : वय ५६, पूर्ण शाकाहारी. रक्तदाब नाही, साखर नाही. तपासणीत होमोसिस्टिन (रक्तातलं एक अमिनो ॲसिड) ३२ आलं. होमोसिस्टिन वाढलं की उंदरांची मूत्रपिंडं खराब होतात, असं मुलीने वाचून दाखवलं. तेव्हापासून झोप लागत नाही. औषधाच्या दुकानातून बी जीवनसत्त्वाच्या जास्त ताकदीच्या गोळ्या आणून ठेवल्यात. सुरू करू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीने वाचलं ते खरं आहे. मी आयुष्यभर पॅथॉलॉजी शिकवली, उंदरांच्या मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ पाहिले. निरोगी ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ, मोकळा आणि नाजूक दिसतो. होमोसिस्टिन बरेच दिवस चढं राहिलं की त्यात कोलॅजन हे तंतूंसारखं प्रथिन साचतं, केशवाहिन्या दबतात. गाळणीला बाहेरून विळखा घालून बसलेल्या पोडोसाइट पेशी दुखावतात आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. पेशींतलं एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम जास्त चालतं, त्यातून ऑक्सिजनचे मारक कण तयार होतात. हे एन्झाइम रोखलं की इजा कमी होते, इथवर प्रयोगांनी दाखवलं आहे.

पण त्या उंदरांचं होमोसिस्टिन चढवतात कसं, तेही ऐका. खाण्यातून फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचं नैसर्गिक रूप, काढून घेतात, वर ज्यापासून होमोसिस्टिन बनतं ते मेथिओनिन भरपूर देतात. काही प्रयोगांत एक मूत्रपिंड आधीच काढलेलं असतं, म्हणजे सगळा भार दुसऱ्यावर. शिवाय उंदराचं मूत्रपिंड रक्तातलं होमोसिस्टिन स्वतः बरंच उचलतं; माणसात उपाशीपोटी मोजलं तेव्हा मूत्रपिंडात जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या रक्तात फरक जवळपास सापडला नाही. आणि माणसाचं मूत्रपिंड थकलं की होमोसिस्टिन आपोआप वाढतं. वाढलेला आकडा कारण की परिणाम, हे नुसत्या रिपोर्टवरून कळत नाही.

गोळ्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. कॅनडात मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ जणांवर चाचणी झाली; २०१० साली निष्कर्ष आले. फोलिक ॲसिड, बी-६, बी-१२ मोठ्या मात्रेत दिलं. होमोसिस्टिन उतरलं, पण मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता औषध नसलेल्या नकली गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त घसरली. उलट चीनमध्ये रक्तदाबाच्या औषधासोबत रोज फक्त ०.८ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड दिलं, तेव्हा मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्यांची घसरण मंदावली. तिथे पिठात फोलिक ॲसिड मिसळत नाहीत, त्यामुळे लोकांच्या अंगात ते मुळात कमी असतं. मात्रा आणि माणूस दोन्ही बघावे लागतात.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय बी-१२ वर आहे : शाकाहारात ते कमी मिळतं, आणि ते कमी पडलं की होमोसिस्टिन चढतं. २००६ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टिन १५ च्या वर, म्हणजे जास्त. तुम्ही एकटे नाही.

तेव्हा गोळी तोंडात घालण्याआधी बी-१२, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्या. गोळ्या सुरू झाल्यावर बी-१२ चा आकडा फसवतो. नुसतं फोलिक ॲसिड तर मुळीच नको : रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि बी-१२ अभावी मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. पायांना मुंग्या येतात का, अंधारात चालताना तोल जातो का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा; बहुतेक लोक ते वयावर ढकलतात.