मिरची-चीज सँडविच : तवा पुरेसा आहे

प्रश्न : ताई, मुलगा होस्टेलवरून घरी आला की मिरची-चीज सँडविच मागतो, गाडीवर मिळतं तसं. माझा ब्रेड करपतो, पण आतलं चीज घट्टच राहतं. चटणीनं ब्रेड ओला होतो. तिखटाचं तर काही खरं नाही, एक घास अगदी सपक आणि पुढच्या घासाला डोळ्यांत पाणी. घरात बिडाचा तवा आहे. ग्रिलर घ्यावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ग्रिलरचे पैसे वाचवा. बिडाचा तवा एकदा तापला की आच बराच वेळ धरून ठेवतो, आपल्याला तेवढंच हवं आहे.

आधी तिखटाचं बघू. मिरचीचे तुकडे ब्रेडवर नुसते भुरभुरले, तर ज्या घासात तुकडा येतो तेवढाच घास जाळतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात फारसा विरघळत नाही, लोण्या-तेलात विरघळतो. म्हणून मिरची चीजमध्येच कालवायची. दोन सँडविचना 80 ग्रॅम चीज घ्या आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या किसा, गार असताना सुटसुटीत किसलं जातं. दोन हिरव्या मिरच्या, लसणाच्या दोन पाकळ्या आणि पाव सिमला मिरची अगदी बारीक चिरून त्यात घाला. चमचाभर मऊ बटर आणि थोडी भरडलेली मिरी घालून चमच्यानं कालवा. हातानं कालवलंत तर बोटांची आग होईल. मग 20 मिनिटं ओट्यावर राहू द्या. तिखट सगळीकडे मुरतं आणि चीजचा गारठाही जातो. मीठ मात्र घालू नका. चीज आणि बटर दोन्ही खारट असतं, शिवाय मिठानं सिमला मिरचीला पाणी सुटतं.

मिरची लवंगी असेल तर एकच पुरे. तिखट कमी करायचं तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, आतली पांढरी शीर काढावी लागते. खरा जाळ तिथे असतो.

चटणीची कोथिंबीर धुऊन फडक्यावर कोरडी करा. वाटताना पाण्याऐवजी लिंबाचा रस घाला आणि दोन चमचे डाळं टाका, ते ओल शोषून घेतं. ब्रेडला आधी कडेपर्यंत बटर, त्यावर चटणी. हा क्रम सोडू नका, बटरच्या थरामुळे चटणीची ओल ब्रेडमध्ये उतरत नाही.

आता आच. ब्रेड करपतो तो मोठ्या आचेवर, कारण चीजपर्यंत ऊब पोचायच्या आत बाहेरचं बटर जळून जातं. तवा मध्यम आचेवर तापवा आणि सँडविच ठेवताना गॅस बारीक करा. पहिली बाजू झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. कोंडलेल्या वाफेनं चीज सैल होतं. उलटल्यावर झाकण काढाच, नाहीतर कुरकुरीतपणा जाईल. दुसऱ्या बाजूवर पाणी भरलेलं छोटं पातेलं दाबून ठेवा. कडेनं चीजचा थेंब बाहेर येऊन तव्यावर चरचरला की झालं. उतरवून पापड भाजायच्या जाळीवर मिनिटभर ठेवा आणि मगच कापा. ताटात ठेवलं की खालची बाजू लगेच घामेजते, आणि इतक्या मेहनतीनं आणलेला खुसखुशीतपणा असा घालवलेला मला बघवत नाही.

मुलाला फारच तिखट लागलं तर पाणी देऊ नका, घोटभर दूध किंवा ताक द्या.

प्रश्न : पिझ्झाचं चीज चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालेल, पण नुसतं नको. मोझरेलाला तार छान सुटते, चव मात्र सौम्य, आणि गार झालं की चिवट होतं. क्यूबच्या प्रोसेस्ड चीजमध्ये क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते तूप न सोडता एकजीव वितळतं. मी दोन्ही निम्मं-निम्मं घेते.