फ्रीज केलेले एम्ब्रियो कधी वापरायचे? आधी त्यांचा कागद मागवा

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीची मीच समोर आले. तुमचं वय ३९, मुलगी चार वर्षांची, आयव्हीएफच्या वेळी चौतिसाव्या वर्षी फ्रीज केलेले दोन एम्ब्रियो, म्हणजे भ्रूण. आता ट्रान्सफर करायचा, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात सोडायचा, की मुलगी शाळेत रुळेपर्यंत दोन वर्षं थांबायचं, की त्याआधी आणखी एक पिक-अप, म्हणजे बीजं बाहेर काढणं, करून ठेवायचं? इंजेक्शनं, सोनोग्राफ्या हे सगळं तुम्ही एकदा भोगलेलं आहे, म्हणून ते सोडून देते. मी डॉक्टर नाही. बँकेत कर्ज विभागात आहे, दिवसभर लोकांचे कागद तपासते. हे मुद्दाम सांगतेय, का ते पुढे कळेल.

"एम्ब्रियोचं वय वाढत नाही" असं डॉक्टर तुम्हाला म्हणाले, ते खरं आहे. उणे १९६ अंशांत त्यातलं सगळं थांबलेलं असतं. वयाचा मार मुख्यतः बीजाला बसतो, गर्भाशयाला त्यामानाने कमी. म्हणून चौतिसाव्या वर्षीचा एम्ब्रियो एकेचाळिसाव्या वर्षी आत गेला तरी शक्यता बरीचशी चौतिशीचीच घेऊन जातो. मी हेच वाक्य धरून निवांत बसले.

माझा मुलगा २०१७ चा, फ्रेश ट्रान्सफरचा, म्हणजे फ्रीज न करता लगेच सोडलेल्या एम्ब्रियोचा. उरलेले फ्रीज केले. डिस्चार्जच्या कार्डावर पेनाने लिहिलं होतं, 'फ्रोझन – डी ३'. मी वाचलं, तीन. दर वर्षी न चुकता रिन्युअल भरलं. पावतीवर फक्त 'एम्ब्रियो स्टोरेज, १ वर्ष'. एकदा फोनवर विचारलंही, तीन आहेत ना? तिकडची मुलगी म्हणाली, "हो मॅडम, सगळे सेफ आहेत." एकोणचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सुचवलं होतं की दुसरं मूल नक्की हवं असेल तर आत्ताच एक पिक-अप करून ठेवा, एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) अजून १.४ आहे. मी म्हटलं, तीन आहेत की, कशाला परत ते सगळं.

मग आधी लॉकडाउन, मग माझी पुण्याहून नाशिकला बदली, मग सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन. बेचाळिसाव्या वर्षी एम्ब्रियो नाशिकला हलवायचे ठरले आणि जुन्या क्लिनिकने सात महिने फिरवलं. एम्ब्रियोलॉजिस्ट सोडून गेले. फाइल गोडाउनमध्ये आहे. दोघांनी समक्ष या. गेलो, तर सहीवाले रजेवर. शेवटी एक पान हातात पडलं. त्यावर डी ३ म्हणजे डे थ्री, तिसऱ्या दिवशी फ्रीज केलेले. संख्येच्या रकान्यात २. स्ट्रॉच्या, म्हणजे एम्ब्रियो ज्या बारीक नळीत फ्रीज करतात तिच्या, रकान्यात १.

मी ते पान गाडीत बसून चार वेळा वाचलं. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी पहिल्याच दिवशी शेरा मारून परत पाठवला असता. स्वतःचा मात्र सहा वर्षं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला. क्लिनिकमध्ये कुणी खोटं बोललं नाही, ते जास्त झोंबतं. 'सगळे सेफ आहेत' म्हणजे किती, हे त्या मुलीने बघितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

एका स्ट्रॉमध्ये दोन म्हणजे दोन्ही एकदमच वितळवावे लागतात. एक आता, एक पुढे, हा हिशेब तिथेच संपतो. शिवाय तिसऱ्या दिवसाचा एम्ब्रियो पाचव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचणार की नाही, हे तेव्हा कळलेलंच नसतं, त्यामुळे दोन डे थ्री आणि दोन ब्लास्टोसिस्ट ही एकच रक्कम नव्हे. माझ्या दोनांतला एक थॉमध्ये, म्हणजे वितळवतानाच, गेला, दुसरा ट्रान्सफर झाला, बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली. एएमएच तोवर ०.३.

आता तुमचं. हे माझं मत, तुमच्या डॉक्टरांचं वेगळं असू शकतं. आणखी एकच मूल हवं असेल आणि दोन्ही ब्लास्टोसिस्ट वेगवेगळ्या स्ट्रॉमध्ये असतील तर पिक-अपच्या भानगडीत पडू नका, पण थांबूही नका. एम्ब्रियो थांबेल, तुमचं बीपी आणि शुगर थांबणार नाही. माझा फायब्रॉइडसुद्धा (गर्भाशयातली गाठ) त्या तीन वर्षांत वाढला. आणि आता जमलं नाही तर पिक-अपला थोडी तरी जागा राहते. आणखी दोन मुलं हवी असतील, किंवा एम्ब्रियो डे थ्रीचे निघाले, तर मी आधी पिक-अप करेन आणि फ्रीज केलेल्यांना नंतर हात लावेन. खर्च दुखतो, कबूल. पण एकोणचाळीसची बीजं एकेचाळिसाव्या वर्षी मिळत नाहीत. मुलगी शाळेत रुळते हो. माझा चिरंजीव आठवड्यात रुळला होता.

कायद्याची घाई तुम्हाला नाही. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने बाईचं वय ५० च्या आत आणि नवऱ्याचं ५५ च्या आत लागतं, आणि एम्ब्रियो जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. नवऱ्याचंही वय मोजतात हे खूप जणींना माहीत नसतं. माझा नऊ वर्षांनी मोठा आहे, त्यामुळे मला चांगलंच माहीत झालं.

"फ्रीज केलेलेच आहेत तर मुलगा बघून घ्या" असं सांगणाऱ्या आत्याबाई तुमच्याकडेही असतील. तो १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, एवढंच सांगून चहा द्यावा.

पाळी नियमित असेल तर ट्रान्सफर नॅचरल सायकलमध्ये, म्हणजे गोळ्यांनी पाळीचं चक्र न चालवता तुमच्या स्वतःच्याच चक्रात, होईल का, हे जरूर विचारा. पूर्ण गोळ्यांवरच्या सायकलनंतर गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका थोडा जास्त दिसतो, आणि चाळिशीत तो मुद्दा किरकोळ नाही.

सोमवारी क्लिनिकला ईमेल करा, फोन नको. एम्ब्रियो किती, कोणत्या दिवसाचे, ग्रेड काय, किती स्ट्रॉमध्ये, फ्रीज केल्याची तारीख काय, हे सगळं लेटरहेडवर सहीनिशी मागा. आठ दिवसांत आलं नाही तर दोघं जाऊन तिथेच बसा. आलं की नाव-गाव झाकून दिवस आणि स्ट्रॉ एवढं इथे लिहा, मग पिक-अपचं बोलू.