एकच गाणं धर, 'ब्रिग फेअर' घे

अरे, इंग्लिश लोकगीतांच्या नादी लागलायस ना, मग एकदम ढीगभर गाणी जमवत बसू नको, एकच धर, 'ब्रिग फेअर' घे. लिंकनशायरमधल्या ब्रिगला १९०५ साली गाण्याच्या स्पर्धेत जोसेफ टेलर हा सत्तरी ओलांडलेला माणूस आला आणि त्याच्याकडून पर्सी ग्रेंजर या लोकगीतं जमवणाऱ्या संगीतकाराने हे उतरवून घेतलं. गंमत म्हणजे टेलरबुवांना कडवी येत होती दोनच! पुढची ग्रेंजरने दुसऱ्या गाण्यांतून उचलून जोडली, त्यामुळे लांबलचक व्हर्जन दिसलं की लगेच 'अस्सल, अस्सल' करू नको, कुठलं कडवं कुठून आलं ते आधी बघ. १९०६ला ग्रेंजर मेणाच्या सिलिंडरवर रेकॉर्डिंग करायला लागला, कारण गाणारा दर कडव्याला चाल जराशी फिरवतो आणि ते एकदा ऐकून कागदावर पकडणं महाकठीण. १९०८मध्ये टेलरच्या रेकॉर्डी निघाल्या, त्या आधी ऐक, खरखर भरपूर आहे पण त्या वयातही हरकती काय सुबक घेतल्यात! संगीतकार डेलियसने याच गाण्यावर रचलेलं ऑर्केस्ट्रावालं नंतर. शोधाशोध करायला वॉन विल्यम्स मेमोरियल लायब्ररी या लोकगीतांच्या ग्रंथालयाची साइट फुकट आहे, राउड नंबर, म्हणजे सूचीत प्रत्येक लोकगीताला दिलेला क्रमांक, टाकला की एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या गावच्या नोंदी एकत्र दिसतात. आणि वहीत गायकाचं नाव, गाव, साल पहिल्यांदा लिही, बाकी मागाहून.