लिंबाचे सरबत कडवट का होते?

प्रश्न : उन्हाळ्यासाठी लिंबाच्या सरबताचा पाक करून ठेवते, पण दोन दिवसांत तो कडवट होतो. काय चुकत असावे?

उत्तर : दोष बहुधा पिळण्यात आहे. बिया आणि सालीखालचा पांढरा भाग रसात उतरला, की त्यातून लिमोनिन हा कडू घटक हळूहळू तयार होतो, त्यामुळे ताजे असताना चांगले लागणारे सरबत मुरल्यावर कडवटते. म्हणून फोडी हलक्या हाताने पिळून रस लगेच गाळावा. एक वाटी रसाला दोन वाट्या साखर व एक वाटी पाणी यांचा पाक करावा आणि तो पूर्ण निवल्यावरच रस मिसळून काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवावा. आजीचे पितळी पातेले, कितीही लाडके असले तरी, कल्हईवाचून वापरू नये. मीठ व वेलदोड्याची पूड आयत्या वेळी घालावी.