मागितलं नसताना डबा का?

प्रिय ईशान,

परवा मी शेजारी वांग्याच्या भरताचा डबा देऊन आलो तेव्हा तू विचारलंस, "बाबा, त्यांनी मागितलं तरी होतं का?" तू सहज विचारलंस, माहितीये मला, पण लागलं रे ते. तेव्हा काही सुचलं नाही म्हणून आता लिहितोय. कुठे अडलं तर आईला विचार.

आमच्याकडे जळगावला थंडी पडली की भरीत पार्टी ठरलेली. चंपाषष्ठीपर्यंत मोठी आई वांग्याला हात लावायची नाही, पण एकदा ती झाली की नानांच्या शेतात दर रविवारी कुणी ना कुणी जमायचंच. वांगी आपली तिकडची, हिरवी, लांबट, चांगली मोठी, बिया अगदी कमी. इथल्या जांभळ्या वांग्याला ती चव नाही म्हणजे नाही. कापूस वेचून झाला की शेतात वाळक्या काट्या उरतात ना कपाशीच्या, त्या पेटवायच्या, वांग्यांना तेलाचा हात लावून त्यावर टाकायची आणि साल पार काळी होईपर्यंत उलटत राहायची. मग गरम असतानाच सोलायची, बोटं भाजतात पण गार झाल्यावर साल नीट निघत नाही, आणि लाकडी बडजीत मुसळीने ठेचायची. हे काम अण्णाकाकांचं. मिरच्या, लसूण, भरपूर कांद्याची पात, तळलेले शेंगदाणे, सगळं त्यातच. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. मी तिसरी भाकरी मागितली की मोठी आई खूश.

आणि किती माणसं येणार हे कुणी मोजायचंच नाही. फाट्यावर एसटी थांबली की नाना ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरीवर भरीत घालून खिडकीतून द्यायचे. त्यांनी कुठे मागितलं होतं? पण दुसऱ्याला मागायची वेळ येऊ द्यायची नाही, असंच आम्ही घरात बघत आलो, त्यामुळे माझा हात आपोआप डबा भरायला जातो.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण तुझा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात आहे. आत्या, काकू, तुझी आजी सगळ्यात शेवटी जेवायच्या, उरेल तेवढं. काट्या गोळा करून आणणारे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी, बाजूला वेगळे बसायचे. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्हाला असं चालतं का. तेव्हा मला ते दिसायचं पण खटकायचं नाही, आता खटकतं. म्हणजे विचारणं ही चांगलीच गोष्ट आहे आणि ती तुला शाळेत लहानपणापासून शिकवतात याचं मला बरंच वाटतं. शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते हे तू म्हणालास तेही बरोबर, यापुढे शेंगदाणे वेगळे देत जाऊ.

पण डबा देणं मी बंद नाही करणार हं. इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत थंडीमुळे माणसं दार लावून बसतात, समोरच्या आजोबांशी माझं पहिलं नीट बोलणं झालं तेच मुळी भरतामुळे.

तुला आवडत नसेल तर तू नको येऊस द्यायला, जबरदस्ती नाही. शनिवारी बाल्कनीतल्या ग्रिलवर वांगी भाजणार आहे, सोलायला एक हात कमी पडतो, जमलं तर ये. मित्रांना बोलवायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सांग, मिरची बेताची घालेन.

तुझा,
बाबा