अक्कलदाढ काढल्यानंतर गोळ्यांखेरीज काय करावे?

प्रश्न : माझी खालच्या जबड्यात आडवी रुतलेली अक्कलदाढ पुढील आठवड्यात शस्त्रक्रियेने काढायची आहे. वेदनाशामक गोळ्यांनी मला पित्ताचा त्रास होतो. सूज आणि दुखणे कमी करण्याचे इतर उपाय कोणते? सासूबाई जखमेत हळद आणि लवंगेचे तेल भरायला सांगतात, ते योग्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पित्ताचा त्रास दंतवैद्यांना आधीच सांगावा, म्हणजे गोळी बदलून देता येईल. पुढील उपाय गोळ्यांना पूरक आहेत. ठरवून दिलेली औषधे त्यांच्या भरवशावर सोडू नयेत.

दाढ निघाल्यावर खळग्यात जमणारी रक्ताची गुठळी उघड्या हाडाला झाकते, त्यामुळे बहुतेक पथ्ये तिच्या रक्षणासाठीच असतात. पहिले 24 तास चूळ भरू नये, जोराने थुंकू नये आणि निदान आठवडाभर स्ट्रॉने काही पिऊ नये, कारण तोंडात ओढ निर्माण झाली की गुठळी निसटू शकते. धूम्रपान, तंबाखू आणि मिश्री यांना पूर्ण रजा द्यावी. हळदीची पूड जखमेत अडकते आणि लवंगेचे तेल ताज्या जखमेला झोंबते. सासूबाईंची काळजी समजण्यासारखी असली, तरी या दोन्ही गोष्टी तिथे नकोत.

सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर 15 ते 20 मिनिटे धरून तेवढीच विश्रांती घ्यावी आणि झोपताना डोके उंच ठेवावे. शेक मात्र दोन दिवसांनंतरच घ्यावा. घाईने पहिल्याच रात्री शेकल्यास सूज आणि रक्तस्राव वाढू शकतो. 24 तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर ते तोंडात हलकेच फिरवून आपोआप गळू द्यावे. सुरुवातीला निववलेली पेज, मऊ दहीभात किंवा मुगाची खिचडी खावी. जबडा आखडल्यास दंतवैद्यांच्या सल्ल्याने तोंड हळूहळू उघडण्याचा व्यायाम करावा.

कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अचानक वाढून कानापर्यंत जाऊ लागले आणि तोंडाला दुर्गंधी आली, तर गुठळी निघून गेल्याची, म्हणजे ‘ड्राय सॉकेट’ची शक्यता असते. अशा वेळी, तसेच ताप आल्यास, गिळताना त्रास झाल्यास किंवा रक्त थांबत नसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता दंतवैद्यांना गाठावे.